पप्पांची साक्ष

पुण्याला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर सकाळी साडेसहाला यायची. त्या दिवशी आम्ही सहालाच जाऊन उभे राहिलो होतो. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि आईने कापडात बांधून दिलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी. मी अठरा वर्षांची होते आणि पुण्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्सिंगला माझा नंबर लागला होता. धाकटी मार्था तेव्हा नऊ वर्षांची. ती रडत नव्हती, रागावली होती. माझ्याकडे पाठ करून बाभळीच्या शेंगा पायाने चिरडत होती.

आईने शेवटचं सांगितलं ते आठवतं. "पत्र टाक. फोनवर नुसतं 'बरी हाय' म्हणशील. पत्रात खोटं लिवायला येळ लागतो."

पप्पा माझ्याबरोबर पुण्यापर्यंत आले. स्वारगेटला उतरल्यावर त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि मला रिक्षा करू दिली नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, तरी त्यांच्या पायांत नेहमीचे मोजे आणि कॅनव्हासचे बूट होते. हॉस्टेलच्या फाटकाशी ट्रंक ठेवून ते म्हणाले, "पेशंटला आधी नाव इचार, करुणा. मग आजार." एवढं बोलून ते निघाले. मागे वळून पाहिलं असतं तर मी त्यांच्याबरोबर परत गेले असते. हे त्यांना माहीत असणार, कारण त्यांनी वळून पाहिलं नाही.

गावच्या आपल्या चर्चच्या मंडळीची स्मरणिका निघते आहे आणि गाव सोडून गेलेल्यांनी त्यात दोन पानं लिहावीत, असा पाळकसाहेबांचा निरोप आला. काय लिहावं हा प्रश्न मला पडला नाही. कोणापासून सुरू करावं, हेही ठरलेलंच होतं.

आमचे पप्पा गावाबाहेरच्या मिशनच्या छोट्या दवाखान्यात ड्रेसर होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गुडघ्यांना त्यांनी पट्ट्या बांधल्या आहेत. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकलेली होती. लहानपणी चुलीवरचं आधण सांडून भाजलं, असं आम्हाला सांगितलेलं. त्याच हाताने ते इतक्या हलकेपणी जखम धुवायचे की पेशंट बोलता बोलता झोपी जायचा. पुढे दवाखाना बंद पडला, डॉक्टरमॅडम निघून गेल्या, इमारतीला कुलूप लागलं. पप्पा मात्र आपली पेटी घेऊन घरोघरी जात राहिले.

पुण्याने मला पहिल्या महिन्यातच बोलायला शिकवलं. म्हणजे आधी गप्प बसायला आणि मग बोलायला. वॉर्डात मी "न्हाई" म्हटलं की मुली हसायच्या. मंडईत मेथीची जुडी उलटीसुलटी करून पाहत होते, तर भाजीवाल्या आजी म्हणाल्या, "घ्यायची आहे, की तिच्याशी ओळख करून घेताय?" मी जुडी ठेवून पळाले आणि हॉस्टेलच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढे कळलं की त्या सगळ्यांशीच तसं बोलतात आणि वर मूठभर कोथिंबीर फुकट टाकतात. आता मी स्वतःही तशी बोलते. गावी आले की मार्था म्हणते, "पुणं उतरव आधी अंगावरनं, मग जेवायला बस."

लग्न होऊन मी विश्रांतवाडीला दोन खोल्यांच्या घरात आले. दवाखान्यातली नाइट ड्युटी सुटली आणि एका संस्थेच्या टीबीच्या कामात लागले. आळंदी रस्त्याच्या मागे जी वस्ती आहे, तिथे घरोघर जायचं, कोण खोकतंय ते पाहायचं, बेडका तपासायला पाठवायचा, औषधं चालू झाली की सहा महिने त्या घराचा पिच्छा सोडायचा नाही. माझ्या जोडीला त्या भागातल्या आशा सेविका होत्या, वंदनाताई. जन्म त्याच वस्तीतला, विहाराच्या मागच्या गल्लीतला. वस्तीतलं एकही दार त्यांना बंद नव्हतं आणि त्यांच्या जिभेलाही कुठलं दार नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही चर्चवाल्या ना? मग गोळ्यांबरोबर पुस्तकं पण वाटणार का?"

"नाही," मी म्हणाले. "पुस्तकं पचायला जड जातात."

त्या हसल्या आणि आमचं जमलं. एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या आजोबांनी चर्च धरलं, आमच्या आजोबांनी विहार. गावाने पाणी मात्र दोघांनाही वरूनच वाढलं." त्यानंतर आम्हा दोघींत धर्मावरून कधी वाद झाला नाही. म्हणजे एकदा झाला. तोच सांगायचा आहे.

रूपाली ही यवतमाळकडून आलेली पोर. चोविसाव्या वर्षी टीबी झाला. नवरा गजानन रस्त्याच्या कडेने पाइपलाइनचे चर खणायच्या कामावर, आणि चार वर्षांची मुलगी परी. रूपालीला सासरी कळवायचं नव्हतं, शेजारी कळू द्यायचं नव्हतं. ती तोंडाला पदर लावून आमच्याकडे यायची आणि विचारायची, "ताई, आणखी किती दिवस हे लपवू?" तिचं एकटेपण मला बघवेना. विश्रांतवाडीत आमची रविवारची एक प्रार्थनासभा भरायची, एका हॉलमध्ये, तीस-चाळीस माणसं. मी तिला म्हटलं, येऊन बस, गाणी ऐक. ती आली. पहिल्याच रविवारी कोणीतरी तिच्या हातात हात दिला, कोणी परीला मांडीवर घेतलं, आणि ती अशी रडली की बघणाऱ्यांनाही हलकं वाटलं.

सभा चालवायचे ब्रदर विल्सन. आठवडाभर शाळेची व्हॅन चालवायचे, रविवारी प्रार्थना. एके काळी दारूत बुडालेला माणूस, एका प्रार्थनेत त्यांची बाटली सुटली ती कायमची. लबाड माणूस नव्हता तो. आपल्याबाबतीत जे घडलं ते सगळ्यांबाबतीत घडेल, अशी त्यांची साधी खात्री होती.

दोन महिने गोळ्या घेतल्यावर रूपालीचा खोकला थांबला, ताप गेला, गालांवर मांस आलं. असं होतंच. त्याच वेळी माणूस औषध सोडतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. त्या रविवारी ब्रदरनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, "उठ बाळा, साक्ष दे." ती उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या माणसांसमोर बोलत होती. म्हणाली, "येशूने मले बरं केलं. आता माह्या अंगात आजार नाही." सगळा हॉल टाळ्यांनी भरला. हालेलुया झालं.

मीही टाळ्या वाजवल्या.

हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली आहेत. माझ्या पर्समध्ये तिचं उपचाराचं कार्ड होतं. उरलेल्या चार महिन्यांचे चौकोन त्यावर कोरे होते. मला आनंद झाला होता तो खरा होता. आणि उठून "गोळ्या चालूच ठेवायच्या हं" एवढं म्हणायला मला लाज वाटली, तेही खरं. आपल्या माणसांत विजोड दिसू नये, एवढंच त्यामागे होतं. गावाहून आलेल्या माणसाला शहरात आपली म्हणावीत अशी चाळीस माणसं मिळतात तेव्हा तो त्यांना फार जपतो.

पुढच्या आठवड्यात रूपालीने मला रिकामी पाकिटं दाखवली. गोळ्या तिने मोरीत टाकल्या होत्या, हे नंतर कळलं. तीन महिन्यांनी वंदनाताईंचा फोन आला, लगेच या. रूपाली उंबऱ्याशी बसली होती, पुढ्यातल्या तांब्यात रक्त होतं. आणि परीच्या मानेला लिंबाएवढी गाठ आली होती. गजानन कामावरून तसाच आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. तो मला म्हणाला, "ताई, बायकोनं सोडल्या गोळ्या, ते समजलं. माह्या पोरीले काऊन झालं हे?"

आईच्या खोकल्यातून टीबी मुलीला कसा लागतो, हे मी त्याला समजावून सांगितलं, जसं शिकवलं आहे तसं. बाहेर आल्यावर वंदनाताईंनी गल्लीतच मला थांबवलं.

"तिनं त्या सभेत उभं राहून सांगितलं म्हणे, बरी झाले. तुम्ही होतात तिथं?"

"होते."

"मग काय केलंत?"

मी पर्समधलं कार्ड चाचपू लागले.

"टाळ्या वाजवल्यात," त्या म्हणाल्या. त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "अहो सिस्टर, तुमचा देव तुमच्यापाशी ठेवा. पण माझ्या वस्तीतली पोरगी त्याच्या नावावर मारू नका."

त्या संध्याकाळी मी ब्रदर विल्सनकडे गेले. व्हॅन धुवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "मी तिला गोळ्या सोड असं म्हणालो नाही."

"घे असंही म्हणाला नाहीत."

"सिस्टर, आठवडाभर तुम्ही औषधच देता ना? एक दिवस देवालाही काम करू द्या की."

माझ्याकडे पुस्तकातली उत्तरं होती, पण ती नर्सची उत्तरं होती, आणि त्यांना हवं होतं ते विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं. मी घरी येऊन पप्पांना फोन केला. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "रविवारच्या सभेला मी येतो."

शनिवारी दुपारी ते आले. मी चहा टाकला. ते स्वयंपाकघरात पाटावर बसले, हळूहळू बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला. वडिलांचा उघडा पाय मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिला. दोन बोटं नव्हतीच. तळव्याला जुनी, भरून आलेली मोठी जखम होती. मी नर्स आहे. मला काही विचारावं लागलं नाही.

"हातावर आधण सांडलं न्हवतं," ते म्हणाले. "महारोग हुता. एकोणीस वर्सांचा हुतो."

मग त्यांनी सांगितलं. गालावर आणि पाठीवर चट्टे दिसले तेव्हा त्यांच्या भावांनी त्यांना गोठ्यात ठेवलं, नंतर गावाबाहेर. करमाळ्याच्या बाजारात भीक मागत असताना कोणीतरी मिशनच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. डॉक्टरमॅडमनी पहिला प्रश्न केला तो नावाचा. कित्येक महिन्यांत त्यांना नाव कोणी विचारलं नव्हतं. मॅडम सकाळी प्रार्थना करायच्या आणि मग एकेकासमोर उभं राहून गोळी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. दोन वर्षांनी चट्टे मिटले. पप्पांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच आनंदात गोळ्या सोडल्या. देवाने बरं केलं, आता गोळी घेतली तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. वर्षभरात पायाची जाण गेली, बोटं वाकली. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. त्यानंतर ते त्या दवाखान्यातून कुठे गेलेच नाहीत. आई तिथल्या स्वयंपाकीणबाईंची मुलगी. तिला सगळं माहीत होतं.

"तुझ्या आईला वचन दिलं हुतं, दोघींची लग्नं होईस्तवर बोलायचं न्हाई म्हणून."

मला एकदम आठवलं. मार्थाचं बार्शीच्या एका मुलाशी ठरलं होतं. दोन महिन्यांवर साखरपुडा होता.

"पप्पा, मग नका बोलू," मी म्हणाले. मी खरंच म्हणाले.

"तिला इचारून आलोय." त्यांनी मोजा परत चढवला. "ती म्हणाली, त्या बाईची पोरगी चारच वर्सांची हाय न्हवं? मग जावा."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. रूपाली मास्क लावून अगदी मागे, खिडकीपाशी बसली होती, परी गजाननच्या कडेवर. मी ब्रदरना फक्त एवढंच सांगितलं होतं की माझ्या वडिलांना साक्ष द्यायची आहे. पप्पा पुढे गेले. खुर्ची मागून घेतली, बसले आणि सगळ्यांसमोर बूट काढला.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी चटई मागे ओढली. पप्पांनी ते पाहिलं. "ओढा बाई, ओढा," ते म्हणाले, अगदी मायेने. "मला सवय हाय. पण आता भ्यायचं काम न्हाई. मला बरं हून चाळीस वर्सं झाली."

त्यांनी पाय थोडा पुढे केला.

"मला देवानं बरं केलं. ही माझी साक्ष हाय. पर त्यानं एका दिसात न्हाई केलं. त्याला आठ वर्सं लागली. रोज एक गोळी. मॅडम हातावर ठिवायच्या, पर देणारा तोच हुता, असं मी मानतो. मधी मी शाना झालो. म्हणलं, देवा, तुझं काम झालं, आता ऱ्हाऊ दे. मीच त्याला थांबवलं. ही बोटं त्याची न्हवं, माझी करणी हाय."

मग त्यांनी मागे खिडकीकडे पाहिलं. "लेकी, तू साक्ष दिलीस ती खोटी न्हवती. ती अर्धी हुती. उरलेली चार-सहा म्हयन्यांनी दे. आम्ही ऐकायला येऊ."

रूपाली उठून पुढे आली नाही. ती तिथेच गुडघ्यांत डोकं घालून बसली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. ब्रदर विल्सन पुढे झाले, मला वाटलं प्रार्थना करतील. ते खाली बसले, पप्पांचा मोजा उचलला आणि त्यांच्या पायात चढवायला लागले. मोजा दोनदा उलटा गेला. पप्पा म्हणाले, "सावकाश. व्हॅन हाय का ती?" आणि मग कुठे लोक हसले.

रूपालीचे उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. औषधं अजून लागू पडत होती, हे तिचं भाग्य. परीची गाठ जिरायला सहा महिने लागले. गोळी कडू लागते म्हणून ती फार रडायची, आणि गजानन कामावर जाण्याआधी तिला मांडीवर घेऊन बसायचा, ती गिळेपर्यंत. ब्रदर विल्सननी एक नवीन रीत पाडली. प्रार्थना झाली की हॉलमध्ये पाण्याचा जग फिरतो आणि ज्यांचं काही औषध चालू आहे ते तिथेच घेतात. टीबीचं, बीपीचं, साखरेचं, सगळ्यांचं. आधी म्हातारी माणसं लाजायची. आता कोणाची पट्टी विसरली तर शेजारचा रागावतो. ब्रदर स्वतःची बीपीची गोळी सगळ्यांसमोर घेतात. ती त्यांना आहे, हे तोवर कोणाला माहीतही नव्हतं.

वंदनाताईंच्या कानावर हे गेलंच. एका रविवारी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पाण्याचा जग फिरताना पाहिला आणि मला म्हणाल्या, "बरं झालं. देवाला तहान लागते हे तरी कळलं तुम्हाला." दोन आठवड्यांनी त्यांनी विहारात बैठक घेतली, आणि आमचं तपासणीचं शिबिर पहिल्यांदा बुद्धवंदनेनंतर विहाराच्या सभागृहात झालं. तिथे पप्पाही बोलले. सभेत सांगितलं तेच सांगितलं, फक्त देवाचं नाव जिथे येत होतं तिथे थोडे थांबले आणि म्हणाले, "तुम्ही तुमच्या मनानं समजून घ्या." समोर बसलेल्या बायकांनी मान हलवली.

माझी हॉस्टेलची मैत्रीण ग्रेस झांबियात एका मिशनच्या दवाखान्यात आहे. आमच्या बॅचमधल्या ज्या दूर गेल्या त्यांत सगळ्यात दूर तीच. मी तिला हे सगळं व्हॉइस मेसेजवर सांगितलं. ती म्हणाली, तिच्याकडेही लोक प्रार्थनेला आले की औषध घरी ठेवून येतात, आणि डॉक्टरपेक्षा चर्चमधल्या आजीबाईंचं जास्त ऐकतात. मग तिने त्या आजीबाईंनाच धरलं. आता त्या आजी रविवारी दारात उभ्या राहून विचारतात, घेतलीस का? ग्रेस हसत म्हणाली, "करुणा, समुद्र ओलांडून आले आणि आपल्याच गावात पोचले."

आता मार्थाचं. पप्पांच्या साक्षीनंतर पंधरा दिवसांनी बार्शीहून फोन आला. बातमी पोचली होती, आपली माणसं सगळीकडे आहेत. मुलाच्या वडिलांना मी वीस मिनिटं समजावलं, की हा आजार वंशाने येत नाही, पप्पा तर चाळीस वर्षांपूर्वीच बरे झाले. ते शांतपणे म्हणाले, "आम्हाला समजतं हो. लोकांना कोण समजावणार?" साखरपुडा झाला नाही. मार्थाने लग्नच केलं नाही. त्याचं कारण ते होतं असं मी लिहिणार नाही, कारण ती मला तसं लिहू देणार नाही. तुम्ही सगळे तिला अंगणवाडीच्या मार्थाबाई म्हणून ओळखता. तुमच्या मुलांची वजनं ती करते. ज्या घरात सून औषधं लपवून ठेवते, त्या घरात ती जाऊन बसते आणि उठत नाही.

मार्था, मी या शहरात राहून एक धाडस करायचं होतं ते केलं नाही, आणि त्याची किंमत तू गावात राहून दिलीस. तू हे वाचशील आणि म्हणशील, लय लिवतीस. लिहू दे.

पप्पा गेल्या वैशाखात गेले. झोपेतच गेले, गावच्या घरी. मी विश्रांतवाडीहून निघेपर्यंत फोनवर फोन येत होते. मी कोणाला या म्हटलं नव्हतं. उन्हाचा कहर होता आणि प्रवास लांबचा. पण ब्रदर विल्सननी शाळेच्या दोन व्हॅन काढल्या. वंदनाताई होत्या, रूपाली आणि गजानन होते, परी होती, आता तेरा वर्षांची, माझ्या खांद्याला लागणारी. चर्चमधली माणसं होती, विहारातली होती, आणि काही अशी होती ज्यांची नावं मला फक्त उपचाराच्या कार्डावरून माहीत होती.

आपल्या दफनभूमीत कबर खणायचं काम चालू होतं, तुमच्यातलीच तरणी मुलं खणत होती. दोन हात खाली मुरूम लागला. उन्हात कुदळ आपटून आपटून ती थकली, आणि वेळ जात होता. गजानन बांधावर उभा राहून थोडा वेळ पाहत होता. मग त्याने शर्ट काढून रूपालीकडे दिला, कोणालाही न विचारता खड्ड्यात उतरला आणि एका पोराच्या हातातून कुदळ घेतली. रोज चर खणणारा माणूस तो. कुठे मारलं की मुरूम फुटतो हे त्याला बरोबर कळत होतं. परी काठावर बसून त्याला पाण्याची बाटली देत होती.

आपल्या मंडळीतले एक वडीलधारे मार्थाजवळ आले. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, आणि त्यांच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं, "पोरी, ह्यो कोण? आपल्यातला दिसत न्हाई."

मार्था त्याला ओळखत होती. तो कोण, त्याची मुलगी कोण आणि त्या मुलीसाठी पप्पा कुठे काय बोलले होते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे पाहत होते.

तिने पदराने तोंडावरचा घाम पुसला.

"घरचाच हाय," ती म्हणाली, आणि परीच्या हातातली रिकामी बाटली घेऊन पाणी भरायला हौदाकडे गेली.